वाटा किंवा शाश्वती

गेल्या जानेवारीत मला सहा नावांची एक यादी आली आणि त्यातली दोन नावं शुक्रवारपर्यंत कळवायला सांगितलं गेलं. सहाही जण माझ्या टीममध्ये काम करत होते, पण आमच्या कंपनीचे नव्हते. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत आलेले, कंत्राटी. ज्या ग्राहकासाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो त्याने पुढच्या तिमाहीचं बजेट कमी केलं होतं. सध्याच्या अनिश्चित वातावरणात आपल्याला लवचीक राहावं लागेल, असं सोबतच्या मेलमध्ये म्हटलं होतं.

मी कणकवलीतून काम करतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातली खोली सोडून घरी आलो तो परत गेलोच नाही. गच्चीवर उभं राहिलं की महामार्गाचा उड्डाणपूल दिसतो. पूर्वी मुंबई-गोवा गाड्या गावातून जायच्या, चहाला, पाण्याला, लघवीला थांबायच्या, आणि त्या थांबण्यावर कितीतरी दुकानं चालायची. आता गाड्या बाजाराच्या डोक्यावरून जातात. खालच्या दुकानदारांनी कुणी माल बदलला, कुणी जागा बदलली. त्यामुळे काळ बदलतो आणि धंद्याला बदलावं लागतं हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. मेलमधला ‘अनिश्चित’ हा शब्द मला खोटा वाटला नाही. मी अडकलो तो ‘आपल्याला’ या शब्दापाशी. लवचीक राहायचं म्हणजे नेमकं वाकायचं कोणी?

अस्थिर काळात धंदा कसा करावा यावर भरपूर लिहिलं जातं. बहुतेक सल्ल्यांचा गाभा एकच असतो. लांबचे बेत आखू नका, छोटे प्रयोग करा, पर्याय उघडे ठेवा, आणि पक्के खर्च कमी करून त्यांच्या जागी बदलते खर्च आणा. पहिले तीन सल्ले निरुपद्रवी आहेत. चौथ्यापाशी थांबायला हवं, कारण आमच्यासारख्या धंद्यात पक्का खर्च म्हणजे मशीन नसतं, माणूस असतो. पक्का खर्च बदलता करायचा म्हणजे ज्याचा पगार पक्का होता त्याचा तो कच्चा करायचा. कंपनीच्या डोक्यावरची अनिश्चितता त्याने संपत नाही. ती फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर जाते.

अनिश्चितता या शब्दाचाही थोडा हिशेब करू. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली ‘रिस्क, अनसर्टन्टी अँड प्रॉफिट’ या पुस्तकात धोका आणि अनिश्चितता यांच्यात फरक केला. धोका म्हणजे ज्याची शक्यता मोजता येते तो. फासे टाकले तर सहा पडण्याची शक्यता किती, हे सांगता येतं. म्हणूनच धोक्याचा विमा काढता येतो. अनिश्चितता म्हणजे जिथे मोजायला आधारच नसतो ती.

देवगडच्या हापूसच्या बागेत ही दोन्ही एकत्र भेटतात. थंडी पडली की मोहोर येतो, पण पाऊस लांबला की मोहोराऐवजी पालवी फुटते. मोहोर आला आणि ढगाळ हवा झाली की तुडतुडे, भुरी, करपा. फळं वाटाण्याएवढी झाली आणि परत कडक थंडी पडली की पुन्हा मोहोर येतो आणि आधीची फळं गळतात. यातल्या काही गोष्टींसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. तापमान किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्याची नोंद मंडळातल्या हवामान केंद्रावर झाली, की भरपाई मिळते. म्हणजे जे मोजता येतं ते विमा कंपनीच्या गळ्यात घालता येतं. पण तुमच्या बागेत काय झालं आणि केंद्राच्या यंत्रात काय नोंदलं गेलं यातलं अंतर, वाशीचा त्या आठवड्यातला भाव, पेट्रोलचे दर, अचानक आलेली महामारी, हे सगळं बागायतदाराकडेच राहतं.

नाइटचं म्हणणं असं, की नफा जन्मतो तो याच उरलेल्या, न मोजता येणाऱ्या भागातून. कुणीतरी एकजण ती अनिश्चितता अंगावर घेतो. बाकीच्यांना तो सांगतो, माझं काहीही होवो, तुम्हाला ठरलेली रक्कम मिळेल. त्या हमीच्या बदल्यात दोन गोष्टी त्याच्या होतात. काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार, आणि सगळ्यांचं देऊन झाल्यावर जे उरेल ते. नाइटने हे मालकांच्या बाजूचं वकीलपत्र म्हणून लिहिलं नव्हतं. बाजारातलं यश आणि नैतिक योग्यता यांना तो एक मानत नव्हता. तो फक्त सौदा काय आहे ते सांगत होता.

पण सौदा एकदा असा मांडला की त्यातून एक सरळ प्रश्न निघतो. अनिश्चितता अंगावर घेतो म्हणून नफा मालकाचा असेल, तर तीच अनिश्चितता त्याने दुसऱ्यावर टाकल्यावर नफा कुणाचा?

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते. त्यांची पहिली काही वर्षं ‘बदली’ म्हणून गेली. बदली म्हणजे सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, त्या दिवसाचा रोज मिळायचा. सगळे आले असले तर घरी. घरी म्हणजे गाववाल्यांच्या खोलीवर, जिथे एका खोलीत पाळीपाळीने पंधरा-वीसजण झोपायचे. आजी सांगायची, पत्रात कधी कधी एवढंच असायचं की या महिन्यात बदली फारशी गावली नाय. मग मनीऑर्डर यायची नाही.

राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने मुंबईच्या गिरण्यांवर मोठं काम केलं. त्यांचं पुस्तक १९९४ साली आलं. गिरणी कामगार गावाशी बांधलेला राहिला तो जुनाट मनोवृत्तीमुळे, त्याला शहरी शिस्त जमत नव्हती म्हणून, असं पूर्वी सर्रास म्हटलं जायचं. चंदावरकरांनी ते उलटं करून दाखवलं. सुताकापडाचा बाजार सतत वर-खाली व्हायचा. गिरणीमालक त्याला तोंड द्यायचे ते उत्पादन आणि माणसं कमी-जास्त करून. काम असेल तेव्हा माणूस हवा, नसेल तेव्हा नको. शहरात काम इतकं बेभरवशाचं होतं म्हणूनच कामगाराला गावातली जमीन आणि गावातली नाती धरून ठेवावी लागली.

हे वाचलं तेव्हा मला आमची खाचरं नव्याने दिसली. कणकवलीपासून काही मैलांवर आमचा गाव. आजी तिथे भात आणि नाचणी करायची, सासू-सासऱ्यांचं आणि चार पोरांचं बघायची. परळमध्ये काम नसलं की आजोबा गावी यायचे आणि तिच्या भातावर राहायचे. म्हणजे गिरणीच्या लवचीकतेचा खर्च आमच्या खाचरातून भागत होता. आजीला त्याचा मोबदला कुणी दिला नाही, आणि गिरणीच्या ताळेबंदात तिचं नाव येण्याचं कारणच नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. बदली कामगारांना कायम करा, अशीही एक मागणी त्यात होती. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, विरून गेला. आजोबा गावी आले, ते पुन्हा त्या खाचरावरच.

आता माझ्या स्वतःच्या धंदेवाईक बुद्धीची गोष्ट सांगतो, कारण मालक वाईट आणि आपण बरे असा हा लेख नाही.

माझ्या मामाची देवगड तालुक्यात ऐंशी-एक कलमांची बाग आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाशीचा बाजार विस्कळीत झाला आणि मामाच्या पेट्या घरात पडून राहिल्या. मी पुण्यातल्या ओळखीच्या लोकांना मेसेज केले, चार सोसायट्यांमध्ये आंबा थेट विकला, आणि दलालापेक्षा बरा भाव मिळाला. मला वाटलं, सापडलं. २०२१ साठी मी रीतसर योजना केली. आगाऊ नोंदणीचा फॉर्म, दोन डझनांचे पुठ्ठ्याचे बॉक्स, जीआय मानांकनाचा उल्लेख असलेलं पत्रक. सगळ्या खर्चाची एक शीट केली. त्यात मजुरीच्या ओळीसमोर मी लिहिलं होतं, ‘बदलता खर्च’. जेवढा आंबा, तेवढी मजुरी. मामाने शीट पाहिली आणि काही बोलला नाही. त्याला वाटलं असेल, शिकलेला भाचा आहे.

१६ मेला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. तिसऱ्या दिवशी मी बाईकने निघालो. नांदगाव तिठ्यावरून देवगडकडे वळलं की रस्त्यावर जागोजागी झाडं कापून बाजूला केलेली होती. बागेत पोचलो तेव्हा अकरा कलमं मुळासकट आडवी झाली होती आणि झाडावर उरलेला आंबा जमिनीवर होता. माझ्याकडे सत्तेचाळीस बॉक्सांचे पैसे आगाऊ आलेले होते.

मी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, सगळ्या गिऱ्हाइकांचे पैसे परत करायचे, कारण पुढच्या वर्षीचा धंदा विश्वासावर आहे. मामा लगेच हो म्हणाला. दुसरी, बागेच्या राखणदाराचा आणि दोन गड्यांचा हिशेब वादळाच्या दिवसापर्यंतच करायचा. आमच्याकडे बागांच्या राखणीला नेपाळहून माणसं येतात. मामाकडचा राखणदार बायकोसह बागेतल्या खोपीत राहायचा आणि त्याच्याशी बोली मेअखेरपर्यंतची होती. मी म्हटलं, “मामा, आंबाच नाही तर राखण कसली?”

मामा म्हणाला, “वादळ माझ्या बागेर इला, तेच्या पगारार नाय.”

मी म्हटलं, पण आपलं नुकसान केवढं झालंय.

तो म्हणाला, “जेव्हा आंबो जास्ती लागता, तेव्हा तेका जास्ती गावता काय?”

मामाने फ्रँक नाइटचं नाव ऐकलेलं नाही. पण नाइटचा सौदा याहून कमी शब्दांत मांडता येणार नाही. चांगल्या वर्षी राखणदाराला जास्त मिळत नाही, कारण त्याने वाईट वर्षाचा धोका आमच्याकडे विकलेला असतो. पगार तुटपुंजा असतो, त्याचं एक कारण तो निश्चित असतो. चांगल्या वर्षीची वाढ आपण ठेवायची आणि वाईट वर्षीची घट त्याला द्यायची, हे एकाच मालाचे दोनदा पैसे घेण्यासारखं आहे. मी माझ्या शीटमध्ये नेमकं तेच केलं होतं, आणि ते करताना मला ते धोरण वाटलं होतं.

ही गोष्ट इथे संपवली तर ती गोड होईल. म्हणून पुढचं सांगतो. सगळ्यांचे पैसे देऊन झाल्यावर मामाकडे पुढच्या हंगामाच्या फवारणीला काही उरलं नाही. त्याने वाशीच्या दलालाकडून उचल घेतली. उचल घेतली की माल त्याच्याकडेच घालावा लागतो, त्यामुळे माझी थेट विक्रीची योजना त्या वर्षी बंद पडली. आणि तो राखणदार पुढच्या वर्षी आला नाही. दुसऱ्या बागेत त्याला जास्त पैसे मिळाले. त्याने योग्यच केलं. माणसांशी नीट वागलं की शेवटी धंद्याचा फायदाच होतो, असं व्यवस्थापनाच्या कार्यशाळांमध्ये सांगतात. कधी होतो, कधी होत नाही. फायदा होतो म्हणून नीट वागायचं असेल, तर ज्या दिवशी फायदा दिसणार नाही त्या दिवशी ते वागणं संपेल. मामाचं कारण वेगळं होतं. त्याने बोली केली होती.

मग प्रत्येक धंद्याने प्रत्येकाला कायमची हमी द्यावी का? ते शक्य नाही, आणि आमच्या किनाऱ्यावर त्याला एक जुना पर्यायही आहे. मालवणकडे रापण ओढतात. होडीतून जाळं अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचं, आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर दोन गटांनी किनाऱ्यावरून ओढायचे. जाळ्यात काय येईल कुणालाच माहीत नसतं. इथे पगार नाही. मासळीचे वाटे होतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. जाळं रिकामं आलं तर सगळ्यांचे हात रिकामे, बांगड्याचा थवा सापडला तर सगळ्यांच्या घरी पैसे. वाटे सारखे नसतात, त्यावरून भांडणंही होतात, आणि यांत्रिक मासेमारीपुढे रापण आता मागे पडत चालली आहे. तरी तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. अनिश्चितता प्रत्येकाच्या अंगावर आहे आणि म्हणून लाभावर प्रत्येकाचा हक्क आहे.

म्हणजे प्रामाणिक सौदे दोनच उरतात. एक, शाश्वती: तुला ठरलेलं मिळेल, उरलेलं माझं. दोन, वाटा: काय मिळेल माहीत नाही, पण जे मिळेल त्यात तू आहेस. आजोबांची बदली आणि माझ्या टीममधलं कंत्राट यांतलं काहीच नाही. त्यांना शाश्वती नाही आणि वाटाही नाही. वाईट तिमाही त्यांची, चांगली तिमाही आमची. बाजाराच्याच नियमाने पाहिलं, तर ज्याचं काम कधीही जाऊ शकतं त्याला त्या असुरक्षिततेचा भाव म्हणून जास्त पैसे मिळायला हवेत. माझ्या टीममध्ये मात्र त्याच कामाचे त्यांना आमच्यापेक्षा कमी मिळतात.

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत, कारण ते मी स्वतःच घेत आलो आहे. पहिला, धंदाच बुडाला तर कुणालाच काही मिळणार नाही. खरं आहे. मामाची अकराऐवजी साठ कलमं पडली असती तर त्याला राखणदाराचे पैसे देता आले नसते. पण देणं अशक्य होणं आणि न देण्याची सोय आधीपासून करून ठेवणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यात माणूस हात जोडून सांगतो की जमलं नाही. दुसऱ्यात सांगावंही लागत नाही, करारातलं कलम पुरतं.

दुसरा आक्षेप आमच्या क्षेत्राचा. बदलाला प्रतिसाद देणं हेच तर चपळ कार्यपद्धतीचं मर्म आहे ना? २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी ‘अजाईल’चा जाहीरनामा लिहिला. ठरलेल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्याला ते जास्त मोल देत होते. पण त्याच जाहीरनाम्यात, कामाचा वेग सगळ्यांना अखंड टिकवता येईल असा असावा, हेही तत्त्व आहे. लवचीक व्हायचा होता तो आराखडा. आम्ही आराखडा तिमाहीला बांधून टाकला आणि माणसं लवचीक केली.

तिसरा आक्षेप, सैल नात्यात दोघांचंही स्वातंत्र्य असतं. यावर मला पुन्हा बागच आठवते. अनेकजण बाग स्वतः न करता वर्ष-दोन वर्षांच्या कराराने देतात. कलम दरवर्षी सारखं धरत नाही, एक वर्ष भरपूर, एक वर्ष कमी. ते दरवर्षी धरावं म्हणून पावसाळ्यात मुळाशी कल्टार घालतात. झाडाच्या विस्ताराप्रमाणे मात्रा ठरलेली असते. बागायतदारांची तक्रार अशी, की कराराने घेणारे काहीजण ती मात्रा वाढवतात, कारण त्यांना झाडाची पुढची तीस वर्षं बघायची नसतात, यंदाचं फळ हवं असतं. नातं जितकं सैल, तितका ओरबाडण्याचा मोह जास्त. स्वातंत्र्य दोघांना असतं हे खरं, पण करार संपल्यावर एकजण दुसऱ्या बागेत जातो आणि दुसरा तिथेच उभा राहतो.

त्या शुक्रवारी मी दोन नावं पाठवली. पाठवली नसती तर दुसऱ्या कुणी पाठवली असती, हे कारण मी स्वतःला दिलं, आणि ते कारण किती जुनं आहे तेही मला कळत होतं. त्याआधी मी तीन महिन्यांच्या पैशांची मागणी केली होती. शेवटी दोन आठवड्यांची नोटीस एक महिन्याची झाली. दोघांना मी स्वतः फोन केला. त्यांच्यातला एकजण जालन्याकडचा. तो बराच वेळ गप्प होता, मग माझीच समजूत घालत म्हणाला, “चालतं सर, काही टेन्शन नाही. घरी थोडी शेती आहे, काढू तीन-चार महिने.”

मला परळहून गावी येणारे आजोबा आठवले आणि आजीचं भात आठवलं. मधल्या साठ वर्षांत गिरण्या गेल्या, मॉल आले, मी संगणकावर काम करायला लागलो. आणि कंपनीच्या वाईट तिमाहीचा खर्च अजून कुणाच्या तरी शेतातूनच निघतो आहे.

एप्रिलमध्ये नव्या वर्षाचं बजेट करायचं होतं. मी माझ्या टीमच्या शीटमध्ये एक ओळ वाढवली. प्रत्येक कंत्राटी माणसामागे दोन महिन्यांचा पगार बाजूला ठेवायचा. काम बंद झालं तर तो त्याला द्यायचा, आणि वर्ष चांगलं गेलं तर त्याचा वाटा म्हणून द्यायचा. रकान्याला नाव काय द्यावं कळेना, म्हणून ‘पक्का खर्च’ असंच लिहिलं. वरून विचारणा आली की ही ओळ कशासाठी. मी उत्तर लिहिलं आहे. अजून मंजुरी आलेली नाही.